आधी पैसा अडव

प्रिय मुली,

"आरोपी झारखंडात, खातं आसामात, सर्व्हर कुठल्या देशात ते कुणालाच ठाऊक नाही, माझ्या हद्दीत आहे तो फक्त रडणारा फिर्यादी," असं सायबर फसवणुकीच्या तपासाबद्दल लिहिलंस आणि बदली मागू का, असं विचारलंस. धीराचे शब्द तुला नकोत, हे मला माहीत आहे. एकच सांगतो: आधी पैसा अडव. आरोपी नंतर.

डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलेल्या अटकेच्या धाकानं एफडी मोडून बसलेल्या त्या निवृत्त शिक्षकांचं वाचून मला राग आला, आणि तो तुझ्यावरही आला. ते सकाळी ठाण्यात आले, तुम्ही त्यांचा सविस्तर जबाब घेत बसलात आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार पडली तिन्हीसांजेला. तोवर पैसे पहिल्या खात्यातून पाच-सहा खात्यांत गेले आणि पुढे एटीएममधून निघाले. अगं, जबाब संध्याकाळीही घेता येतो! माणूस दारात उभा असतानाच त्याच्याकडून यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक घे, १९३० वर नोंद कर, पोलिसांशी संपर्कासाठी नेमलेल्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला फोन लाव. आयटी कायद्याच्या कलम ७८ नं तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडेच ठेवलाय आणि ठाण्यात निरीक्षक मोजकेच, ही तुझी तक्रार खरी आहे. पण फोन लावायला निरीक्षक लागत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं आठव. ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. २८ देशांतल्या एटीएममधून जी रोकड निघाली ती निघालीच. हाँगकाँगच्या खात्यात वळवलेल्या रकमेतला काही भाग मात्र परत आला, कारण तो अजून खात्यात होता. २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली, पण ती इथं कार्डं घेऊन पैसे काढणाऱ्यांना.

"अटक किती?" असं वरिष्ठ विचारतील. मलाही विचारायचे. माझ्या अटकांचा आकडा लहान, अ-समरीचा, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही म्हणून बंद केलेल्या प्रकरणांचा गठ्ठा मोठा आणि बक्षिसांच्या यादीत नाव नाही. खंत आहे, लपवत नाही. पण दुसऱ्या राज्यातून ट्रान्झिट रिमांडवर, म्हणजे तिथल्या कोर्टाच्या परवानगीनं आणलेली पोरं कोण असायची? थोड्या पैशांसाठी स्वतःचं खातं भाड्यानं दिलेली. खरे सूत्रधार कंबोडिया-म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर, तारांच्या कुंपणाआड, आणि तिथं नोकरीच्या आमिषानं नेलेली आपलीच मुलं मार खात फोन करतात. सायबर गुन्ह्यांवरच्या बुडापेस्ट या आंतरराष्ट्रीय करारात आपण नाही. परदेशातून माहिती मागवायची तर महिनोन्‌महिने जातात. मी पैशामागे लागलो ते बरोबरच होतं. आजही तेच करीन.

मात्र पैसा अडव म्हणजे दिसेल ते खातं गोठव, असं नव्हे. साखळीतले चारशे रुपये यूपीआयनं एखाद्या भाजीवाल्याकडे येतात आणि त्याचं अख्खं खातं बंद पडतं. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात माल उचलायला त्याच्याकडे दमडी नसते. वादातली रक्कम तेवढीच होल्ड करायला सांग, आणि पत्रात आकडा स्पष्ट लिही.

बदलीचं नंतर बघू. शिक्षकांची थोडी रक्कम दुसऱ्या बँकेत होल्ड झालीय म्हणतेस, पण ती परत मिळवायला बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ५०३ खाली कोर्टात अर्ज गेला का, ते लिहिलं नाहीस. उद्या सकाळी त्यांना बोलावून घे, कागद स्वतः तपास, आणि तारीख पडली की मला फोन कर.

तुझा,
सर