आधी थांबलेलं काम शोध

स्नेहाशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माणसानं हात काढून घेतला की निसर्ग आपलं आपण सावरतो, म्हणून रिवाइल्डिंगमध्येच, म्हणजे बिघडलेली जागा पुन्हा निसर्गाच्या हाती सोपवण्याच्या कामातच, उतरायचंय, असं तू लिहिलंस. ही ओढ खरी आहे, ती जप. पण हात काढून घेणं ही या कामातली शेवटची पायरी. तिथवर पोचेपर्यंत बरीच वर्षं हात मातीतच असतात.

एखाद्या जागेवरून कोणता प्राणी नाहीसा झाला, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात आधी येतो. मी मात्र विचारते, इथलं कोणतं काम थांबलंय? बिया लांब कोण न्यायचं, गवत कोण खुडायचं, पाणी कोण अडवायचं?

मॉरिशसजवळ इल ओ एग्रेत नावाचं जेमतेम २६ हेक्टरांचं बेट आहे. तिथली एबनीची झाडं सरपणासाठी तोडली गेली. उरलेल्यांना फळं धरत, पण ती झाडाखालीच पडून राहत. ती गिळून बिया दूर नेणारी महाकाय कासवं केव्हाच नामशेष झाली होती. मग अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची कासवं आणून सोडली. जात वेगळी, काम तेच. त्यांच्या विष्ठेतून बिया पसरल्या, आणि पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजतात असंही दिसलं. मला हे उदाहरण फार आवडतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणले आणि त्यांनी नद्या बदलल्या, ही गोष्ट तुझ्याही कानावर आली असेल. ती अर्धीच आहे. तिथले लांडगे १९२० च्या दशकात मारून संपवले. एल्क हरणं वाढली, त्यांनी विलोची झुडपं खाऊन टाकली, आणि विलोवर जगणारे, ओढ्यांवर फांद्यांचे बांध घालणारे बीव्हर नावाचे प्राणी ओढे सोडून गेले. त्यांचे बांध गेल्यावर ओढ्यांनी पात्र खोल कापलं, काठाखालचं पाणी खाली गेलं. पुढे १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे सोडले. एल्क कमी झाले, तरी कितीतरी ओढ्यांकाठी विलो खुरटीच राहिली. संशोधकांनी काही ठिकाणी कुंपण घालून एल्क अडवले, काही ठिकाणी छोटे बांध घातले; जिथे दोन्ही केलं, तिथेच विलो खरी उंच झाली. लांडग्यांनी आपलं काम केलं, पण बीव्हरचं काम त्यांना कसं जमणार?

नेदरलँड्समधल्या ओस्तफार्डर्सप्लासेनची कथा वाचताना मला त्रास होतो. पाणी हटवून मिळवलेल्या त्या जमिनीवर गुरं, घोडे आणि हरणं मोकळी सोडली होती. चरण्याचं काम सुरू झालं. पण शिकार करणारं कोणी नव्हतं, आणि हिवाळ्यात चारा संपल्यावर बाहेर पडायला वाट नव्हती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक जनावरं गेली. त्यातली बहुतेक खंगल्यावर गोळी घालून मारावी लागली. लोक कुंपणावरून चारा टाकत होते. त्यांना भाबडं म्हणणारे पुष्कळ होते, मला मात्र ते लोक बरोबर वाटतात. कुंपण आपण घातलं, तर आतल्या भुकेला आपणच जबाबदार.

माझीही एक चूक सांगते. उमेदीच्या काळात आम्ही एका गवताळ माळावर हजारो खड्डे खणून झाडं लावली. कागदावर ती जमीन ‘पडीक’ होती, आणि आम्ही त्या शब्दावर विश्वास ठेवला. झाडं जगली. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथून गेले. तो माळ आधीच पूर्ण होता, हे आम्हाला सांगू शकणारा एक मेंढपाळ रोज समोरून जायचा. त्याला आम्ही एकदाही थांबवून विचारलं नाही.

म्हणून पहिलं वर्ष काही लावू नकोस, काही सोडू नकोस. एकच जागा धर, दर आठवड्याला तिथे जा. शेण किती दिवसांत नाहीसं होतं, फळं झाडाखालीच कुजतात का, पाणी कुठे थांबतं आणि कुठे नुसतं वाहून जातं, ते वहीत लिही. तिथे जनावरं चारणाऱ्यांशी बोल, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरव. सहा महिन्यांनी वही मला पाठव. मी सावकाश वाचेन.