टीव्ही नाही, तरीही वर्गणी

आपण विचारले आहे की, जर्मनीत शिकायला आल्यावर टीव्ही घेणारच नसू तर सार्वजनिक रेडिओ-टीव्ही वाहिन्यांसाठीची सक्तीची वर्गणी टाळता येईल का, आणि हा सरकारी प्रचारासाठी बसवलेला करच नाही का. टाळता येत नाही. २०१३ पासून ही वर्गणी उपकरणावर नसून घरावर आहे: दरमहा १८.३६ युरो, घरात कितीही माणसे असोत. नगरपालिकेत पत्ता नोंदवला की माहिती वर्गणी वसूल करणाऱ्या कार्यालयाकडे आपोआप जाते. मी पहिली दोन पत्रे जाहिरात समजून कचऱ्यात टाकली. नंतरच्या पत्रात थकबाकी होती आणि वर ८ युरोंचा विलंब आकार.

मात्र हा कर नव्हे, आणि हा नुसता शब्दच्छल नाही. कराचा पैसा सरकारी तिजोरीतून जातो, त्यामुळे न रुचणारी बातमी दाखवणाऱ्या वाहिनीचे अनुदान अर्थसंकल्पात सहज कापता येते. येथे वाहिन्या आपली गरज मांडतात, स्वतंत्र आयोग ती तपासून रक्कम सुचवतो आणि सोळाही राज्यांनी तिला संमती द्यावी लागते. २०२० च्या अखेरीस एकट्या साक्सन-आनहाल्टने वाढ अडवून धरली, तेव्हा पुढच्या वर्षी घटनात्मक न्यायालयाने ती लागू केली.

तरीही राजकीय वशिला सुटलेला नाही; तो पैशाऐवजी वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक मंडळांतून येतो. २००९ मध्ये झेडडीएफ वाहिनीचे मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांना मुदतवाढ नाकारण्यात आली, आणि त्यात पुढाकार होता प्रशासकीय मंडळावर बसलेले हेसनचे तत्कालीन मुख्यमंत्री रोलांड कोख यांचा. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये निकाल आला की, अशा मंडळांत सरकारशी व पक्षांशी संबंधित सदस्य एक तृतीयांशाहून अधिक नसावेत. उरलेल्या जागा चर्च, कामगार संघटना, क्रीडा संघटना वगैरेंच्या. पण त्यांच्यातलेही अनेक जण पक्षीय कलानुसार ‘मित्रमंडळांत’ विभागून बैठकीआधीच वेगळे भेटतात (नाव मोठे निरागस आहे), त्यामुळे वाहिन्यांतल्या वरच्या पदांवर वर्णी कशी लागते हे निराळे सांगायला नको. मी वर्गणी कुरकुरत का होईना भरतो, कारण मंडळांतला हा दोष पैसे सरकारच्या हाती दिल्याने वाढेलच.

सूट मुख्यतः सरकारी साहाय्यावर असणाऱ्यांना मिळते. परदेशी विद्यार्थी बहुधा तीत बसत नाहीत. सामायिक घरात खोली मिळाली, तर तेथे आधीपासून भरणाऱ्याचा वर्गणी क्रमांक मागून घ्यावा आणि पहिल्या पत्राच्या उत्तरात तोच कळवावा.