तक्रार मंडळाकडे आणि मुदत न्यायालयाची

सिंगापूरहून एका वाचक भगिनींचे चौदा पानी पत्र आले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर चाललेली केमोथेरपी त्यांच्या यजमानांनी एका चिनी वैद्याच्या सांगण्यावरून अर्ध्यावर सोडली, आठ महिने काढे घेतले आणि ते गेले. आता भरपाई मागता येईल का, असे त्या विचारतात. अशा पत्रांत मृत्यूची तारीख शोधावी लागते. या पत्रात ती अकराव्या पानावर सापडली.

त्या तारखेला दोन वर्षे दहा महिने उलटले आहेत. सिंगापूरच्या सिव्हिल लॉ ॲक्टच्या कलम २० प्रमाणे आश्रितांनी मृत्यूपासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो, म्हणजे आपल्या हाती जेमतेम दोन महिने उरले आहेत. आपण चिनी वैद्यकाच्या नोंदणी मंडळाकडे तक्रार केलीत आणि निकालाची वाट पाहत बसलात. पण ते मंडळ वैद्याची नोंदणी फार तर रद्द करील, आपल्याला भरपाई देणार नाही, आणि तक्रार पडून आहे म्हणून मुदतही थांबत नाही. भारतात ग्राहक आयोग सबळ कारण असल्यास विलंब माफ करतो, ती सवलत तेथे गृहीत धरू नका. वारसाचे कागद झाले नाहीत ही सबबही टिकणार नाही, कारण मृत्यूनंतर ६ महिन्यांत मृताच्या इस्टेटीतर्फे दावा झाला नाही, तर आश्रितांना तो स्वतः करता येतो.

‘चिनी औषधे म्हणजे भोंदूगिरी’ हे आपले वाक्य दाव्यात नको. तेथे २००० च्या कायद्याखाली या वैद्यांची रीतसर नोंदणी होते, आणि प्रतिपक्ष आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा दाखला देईल: हार्बिनच्या डॉक्टरांनी पारंपरिक औषधातून पुढे आणलेले हे द्रव्य आज एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते (शुद्ध करून, शिरेतून आणि रुग्णालयात, हे आपल्या वकिलाने सांगावे). केमोथेरपी थांबवा असे वैद्याने सांगितले होते का, एवढाच आपला मुद्दा आहे. तसा संदेश यजमानांच्या मोबाइलवर असल्याचे आपण ओझरते लिहिता. तो मोबाइल जपून ठेवा. डब्यात उरलेल्या पुड्या आणि चिनी लिपीतली चिठ्ठीही आहेत तशीच राहू द्या.

केमोथेरपी पूर्ण झाली असती तर यजमान किती जगले असते, हे कर्करोगतज्ज्ञाच्या लेखी मतावर ठरेल. रकमेचा अंदाज मी करणार नाही. तेथील वकिलाला याच आठवड्यात भेटा आणि मृत्यूची तारीख त्यांना सर्वांत आधी सांगा.