आता भाकरीही बंद का?

"आते भाकरबी बंद का?" अमळनेर तालुक्यातल्या ४८ वर्षांच्या एका ताईंचा पहिला प्रश्न हाच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांचा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१ टक्के आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वमधुमेह, अजून मधुमेह नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी भाकरी सोडून ओट्स आणि मारी बिस्किटं धरली. घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक, स्वतःसाठी वेगळा. दोन आठवड्यांत त्या कंटाळल्या, रात्री भुकेने उठून फरसाण खाऊ लागल्या आणि शेवटी भाकरीकडे परतल्या.

अशा वेळी छापील तक्ता हातात देऊन काही होत नाही. आधी तीन दिवसांची नोंद लागते: दोन रोजचे दिवस, एक बाजाराचा. त्यातही ताटाबाहेर काय गेलं ते खोदून विचारावं लागतं. ताईंच्या नोंदीत पाच कप चहा निघाला, प्रत्येकी दोन चमचे साखर. दिवसाची साखर झाली ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. जेवण रात्री साडेनऊला, सगळ्यांचं झाल्यावर. तोवर भाजी संपलेली, मग तीन भाकऱ्या ठेचा आणि तेलाशी. भाकरीवर ठपका ठेवणं सोपं आहे, पण तिच्यासोबत ताटात दुसरं काही उरतच नव्हतं.

म्हणून पुढच्या भेटीला मुलगा आणि सून दोघांनाही बोलावलं. ठरलं एवढंच: भाजी उतरवल्याबरोबर ताईंची दीड वाटी बाजूला काढायची आणि आठच्या आत सगळ्यांनी एकत्र बसायचं. सगळ्यात जास्त फरक याच बदलाने पडला, आणि त्याला पैसा लागला नाही.

भाकरी कळण्याची ठेवली. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी असतं, ते उडीद भरून काढतात, आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. उडीद याहून वाढवले की भाकरी जड होते, पचायला त्रास होतो. पीठ आठवड्यापुरतंच दळावं. विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की थापताना तुटतं. ताटात एक मध्यम भाकरी (साधारण ७० ग्रॅम पीठ), मेथी, पोकळा किंवा अंबाडी, वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ, कांदा-काकडी. भूक राहिलीच तर अर्धी भाकरी आणखी. चहा दोन कप, अर्धा चमचा साखर, आणि जेवणानंतर तासभर नाही. चहामुळे पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही.

तेलावर मात्र वाद झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका दोन हजार कॅलरींच्या आहारात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरते. चौघांना महिन्याला साडेतीन लिटर पुरावं. ताईंच्या चौघांच्या घरात सहा लिटर संपत होतं. ताईंच्या सासूबाईंचं म्हणणं, तर्री नसली की शेवभाजी पांचट लागते. खोटं नाही ते! मार्ग निघाला तो असा: रस्सा उकळून दहा मिनिटं ठेवायचा, वर आलेली तर्री पळीने वाटीत काढायची, ज्याला हवी त्याने घ्यायची. उरलेली दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला. शेवभाजी पंधरवड्यातून एकदा, शेव मूठभर, तीही वाढताना घालायची.

एक सावधगिरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी स्वतःहून निम्मी करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवावा. ताईंना गोळी नव्हती, म्हणून हे लगेच करता आलं. एचबीए१सी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे पंधरा दिवसांत पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी तो ५.९ आला.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि आखाजीला?" म्हणजे अक्षय्य तृतीयेला. उत्तर: पुरणाच्या मांड्याचा (मोठ्या पातळ पुरणपोळीचा) चौथा हिस्सा, साखर न घातलेला आमरस अर्धी वाटी, त्या जेवणात भात आणि भजी नाहीत. आणि हे दुपारी, रात्रीच्या पंगतीला नाही.