पदराच्या गाठीतली गोळी

"मॅडम, पोटात बाळ असताना जंताची गोळी चालते का?" कोल्हापुरात समुपदेशनाला बसल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता बाई दारातून आत येतानाच ओळखू येतो.

शुभांगी (नाव बदललंय) करवीर तालुक्यातली. पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.६ म्हणजे रक्त कमी, शौचाच्या तपासणीत अंकुशकृमी या जंताची अंडी. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी दिली होती. ती आठवडाभर पदराच्या गाठीत.

मी आधी माहिती दिली. अंकुशकृमी मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. (चपलांसाठी नावाजलेला आपला जिल्हा, अन् उसाच्या रानात बाया अनवाणीच!) आईचं रक्त घटलं की बाळाचं वजन घटतं. पहिले तीन महिने ही गोळी टाळतात. त्यानंतर देता येते. 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमातही गरोदर बाईला ती दुसऱ्या तिमाहीतच देतात.

शुभांगी मान हलवत राहिली. गाठ काही सुटेना.

दुसऱ्या भेटीत मी गोळीचं नावच काढलं नाही. विचारलं, "बाळाला काही झालंच, तर घरात पहिलं कोण बोलेल?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "सासूबाई. म्हणतील, तूच गिळलीस."

भीती औषधाची नव्हतीच, बोल लागण्याची होती. नुसत्या माहितीनं भीती जाते असं मानणाऱ्यांपैकी मी कधीच नव्हते. भीती घरात वाढते, तिथंच ती उतरवावी लागते. तिसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं.

दिवस गेल्याचं ठाऊक नसताना गोळी घेतलेल्या बायाही माझ्याकडं रडत येतात. त्यांनी डॉक्टरांना तारीख सांगावी, एवढंच. नकळत घेतलेल्या एका गोळीपायी गर्भ पाडायचा विचारही नको. मात्र दुकानातून स्वतःच्या मनानं आणूही नये. फीतकृमी या दुसऱ्या जंताची गाठ मेंदूत असेल तर औषध अनेक दिवस चालतं, तो निर्णय पूर्ण वेगळा.

सासूबाई आल्या त्या तावातच. "आमच्या वेळी कुठं हुतं असलं?" मी म्हटलं, "तुमच्या वेळी काय झालं, ते सांगा की."

थोरल्याच्या वेळी त्यांना रक्त चढवलं होतं. पाय सुजायचे, माती खावीशी वाटायची. हे त्यांनी सुनेला कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता थांबल्या, शुभांगीकडं हात पुढं केला.

"आण ती गोळी. मी देते माझ्या हातानं. बोल लागायचाच तर मला लागू दे."