सोन्याचे सूक्ष्म कण, प्रकाश आणि कर्करोगाची गाठ

प्रश्न : माझ्या वडिलांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडून त्यांवर प्रकाश टाकला की गाठ दिसतेही आणि नष्टही होते, असे वाचले. एकाच कणाकडून ही दोन्ही कामे कशी होतात? हा उपचार आज मिळू शकतो का?

उत्तर : अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर बोटे घट्ट दाबून धरा, ती लालबुंद दिसतील. रक्तातील हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेते, तांबडा मात्र बराचसा पार जाऊ देते. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शरीरात आणखी खोल शिरतो. सोन्याचा दागिना हा प्रकाश परतवून लावतो. पण सिलिकाच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला आणि त्याची जाडी नेमकी साधली, तर तोच प्रकाश तो कण अधाशासारखा शोषतो आणि तापतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या तापण्यातच आहे. लेझरचा झोत काही मिनिटे सलग ठेवला तर कणांभोवतीच्या पेशी उष्णतेने मरतात. तोच प्रकाश अत्यंत अल्पकाळाच्या स्पंदांनी दिला तर पेशींना इजा न होता कणाभोवतीचा भाग क्षणभर प्रसरण पावतो, त्यातून ध्वनिलहर उठते आणि सोनोग्राफीसारख्या यंत्राने ती टिपून गाठीचे चित्र उभे करता येते. प्रकाशातून ध्वनी निर्माण होतो हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्येच पाहिले होते. त्याचा असा उपयोग व्हावा, हे मला फार विलक्षण वाटते.

प्रकाशाने कर्करोगाच्या पेशी मारण्याची दुसरी एक पद्धत उष्णतेची नाही. तिच्यात प्रकाशसंवेदी औषध प्रकाश पडताच जवळच्या ऑक्सिजनला इतके क्रियाशील करते की पेशी मरतात. असे एक औषध, फोटोफ्रिन, अमेरिकेत १९९५ पासून अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्य आहे. मात्र ते घेतल्यावर रुग्णाला किमान महिनाभर उन्हापासून जपावे लागते. औषध नॅनोकणांत भरून गाठीपाशीच अधिक पोहोचवण्याचे प्रयत्न त्यासाठीही चालू आहेत.

आता आपल्या वडिलांविषयी. प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आदल्या दिवशी शिरेतून सोन्याचे कण देऊन, मग बारीक तंतूंनी लेझर थेट ग्रंथीत नेण्यात आला. १५ जणांवर उपचार पूर्ण करता आला. ही चाचणी सुरक्षितता आणि व्यवहार्यता पाहण्यासाठी होती, आणि त्यात गाठ शोधण्याचे काम या कणांनी नव्हे, एमआरआयने केले होते, हे बातम्या वाचताना सहसा लक्षात येत नाही. शिवाय शिरेतून दिलेल्या कणांपैकी बरेचसे यकृत आणि प्लीहा यांत अडकतात, आणि सोन्याचे विघटन होत नसल्याने ते तेथे दीर्घकाळ राहू शकतात.

हा उपचार अजून नित्याच्या वापरात आलेला नाही. प्रकाश जेथे पोहोचतो तेथेच तो काम करतो. म्हणून हाडांत किंवा अन्यत्र पसरलेल्या रोगाला त्याचा आधार घेता येत नाही. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित आहे का, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. तसे असेल आणि एखाद्या चाचणीत सहभागी होण्याचा विचार असेल, तर नंतर किती वर्षे तपासण्या होतील, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्या. तोवर चालू उपचार एक दिवसही थांबवू नका.