कोशेर जेवणासाठी शुद्ध शाकाहारी केटरर पुरेसा आहे का?

ठाण्यातल्या आपल्या समारंभाला इस्रायलहून धार्मिक वृत्तीचे काही पाहुणे येणार आहेत आणि शुद्ध शाकाहारी केटरर ठरवला की कोशेरचा, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांचा, प्रश्न मिटेल का, असे आपण विचारले आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या, कुटुंबातला आहे. माझ्या मते शाकाहाराने निम्मे काम होते, सगळे होत नाही.

पदार्थांची यादी केटरर हवी तशी करून देईल. आपण आधी विचारावे ते हे, की स्वयंपाकावर देखरेख कोण करणार आणि भांडी कोणाची. ज्या टोपात काल कोळंबी शिजली तो नुसता घासून चालत नाही. धातूचा असेल तर तो नियमाप्रमाणे उकळत्या पाण्याने शुद्ध करता येतो, मातीचे भांडे मात्र बादच. शाकाहारी जेवणातही फ्लॉवर आणि पालेभाजीतल्या किडी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात, चीजसाठी दूध फाडणारे रेनेट कशाचे, प्राण्याचे की वनस्पतीचे, याची चौकशी करावी लागते, आणि द्राक्षांचे व्हिनेगर ज्यू देखरेखीखाली झालेले नसेल तर तेही वर्ज्य. शिवाय चूल ज्यू माणसाने पेटवावी, हा नियम पुष्कळ जण पाळतात.

मांस ठेवायचे झाल्यास ते शोहेतने, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे जनावर कापणाऱ्या ज्यू माणसाने, कापलेले आणि मीठ लावून रक्त काढलेले हवे. हलाल म्हणजे कोशेर नव्हे. आमच्या घरच्या एका मेंदीला केटररने कोंबड्या शोहेतकडूनच आणल्या होत्या, पण दुपारी मी सहज डोकावलो तर आचारी त्यांना दही चोळत होता. दह्यावाचून बिर्याणी कशी व्हायची, हा त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. पण मांस आणि दूध एकत्र आले, म्हणजे ते सगळे आम्हाला निषिद्धच. पाहुण्यांना शेवटी भात आणि तळलेले पापलेट वाढले. आमच्याकडे मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध घालतात ते याच कारणाने, आणि हे आचाऱ्याला सांगितले की तो पटकन समजतो. मासे त्या मानाने सोपे: पर आणि खवले असलेले चालतात, खेकडा-कोळंबी नाही.

१८७९ साली बांधलेले शआर हाशामाईम सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) ठाण्यातच आहे. केटररला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तिथे चौकशी करावी. समारंभ शनिवारी संध्याकाळी असेल तर शक्यतो वार बदलावा, कारण शब्बाथ या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत स्वयंपाक करता येत नाही आणि जेवणाच्या वेळी चूल नुकतीच पेटलेली असेल.